मधुमेहाच्या गोळ्यांसोबत एक कागद द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: सर्दी-तापाच्या दिवसांत मधुमेहींनी काय करायचं, हे त्यांना लेखी मिळण्याबाबत.

महोदय,


मागणी आधी सांगतो, म्हणजे पूर्ण पत्र वाचायला वेळ मिळाला नाही तरी ती आपल्या कार्यालयाला टिपून घेता येईल. सरकारी दवाखान्यात मधुमेहाच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला एक कागद मिळावा. सर्दी, ताप, फ्लू, उलट्या-जुलाब यांपैकी काही झालं तर कोणतं औषध चालू ठेवायचं, कोणतं थांबवायचं, साखर कधी तपासायची आणि काय दिसलं की दवाखाना गाठायचा, एवढंच त्यावर असावं. कागद पाठपोट छापलेला, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत असावा. त्यातल्या मोकळ्या जागा डॉक्टरांनी त्या माणसाचा केसपेपर पाहून भरलेल्या असाव्यात. यासाठी इमारत लागत नाही, यंत्रसामग्री लागत नाही आणि फीत कापायला कुणाला बोलवावंही लागत नाही.

मी डॉक्टर नाही. मधुमेही आहे, आणि माझ्या घरात हा आजार माझ्याआधीपासून नांदतो आहे. रोजच्या पथ्याबद्दल आम्हा लोकांना सगळे सांगतात. भात किती खावा, चालावं किती, साखरेऐवजी गूळ चालतो का, यावर तर लग्नाच्या पंगतीतही सल्ला मिळतो. पण अंगात ताप असताना सकाळची गोळी घ्यायची की नाही, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. हा प्रश्न पडतो तो रात्री, नाहीतर रविवारी, आणि तेव्हा दवाखान्याला कुलूप असतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या ‘इंडिॲब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. यातल्या जवळपास प्रत्येकाला वर्षातून एकदा-दोनदा सर्दी-खोकला होणार, आणि काहींना फ्लू होणार. थंडीत निफाडचा पारा किती उतरला हे वर्तमानपत्रं रोज छापतात. त्याच दिवसांत घराघरांतल्या ग्लुकोमीटरवर चढणारा आकडा मात्र कुठे छापून येत नाही.

हा आकडा का चढतो, हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. संसर्ग झाला की शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन, ग्लुकॅगॉन ही संप्रेरकं जास्त प्रमाणात सोडतं. ती यकृताला साठवणीतली साखर रक्तात ओतायला लावतात, शिवाय इन्सुलिनचा जोर कमी करतात. निरोगी माणसाचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन सोडून हे निभावून नेतं. मधुमेहीच्या स्वादुपिंडात तेवढा दम नसतो. त्यामुळे दिवसभर दोन वाट्या पेजेवर काढलेल्या माणसाची साखरही तीनशेच्या पुढे जाऊ शकते. वाढलेली साखर लघवीवाटे पाणी ओढून नेते, तापाने आणि घामाने आणखी पाणी जातं, आणि शरीरातलं पाणी जसं आटतं तशी रक्तातली साखर आणखी वर जाते. तोंड कोरडं, मळमळ, खाण्यावरची वासना गेलेली. मग पाणी पिणंही कमी होतं. साधी सर्दी आठवड्यात बरी होते, पण हे चक्र एकदा फिरू लागलं की मधुमेही माणूस अतिदक्षता विभागात पोचू शकतो.

आणि नेमक्या याच वेळी घरात एक वाक्य ऐकू येतं: ‘‘जेवलोच नाही, मग गोळी कशाला?’’

वाक्य तर्काला धरून आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. मधुमेहाचं औषध म्हणजे जेवणावरचा उतारा, अशी समजूत आपणच करून दिली आहे. ‘जेवणाआधी’, ‘जेवणानंतर’ एवढंच आपण पाकिटावर लिहितो. खरं तर उत्तर औषधागणिक वेगळं आहे.

इन्सुलिनचं उत्तर सर्वांत स्पष्ट आहे. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाचं दीर्घकाळ काम करणारं मूळ इन्सुलिन कधीही बंद करायचं नसतं, पोटात अन्नाचा कण नसला तरी. मात्रा कमी-जास्त करावी लागेल, ती डॉक्टरांना विचारून. पण ते बंद केलं तर शरीर चरबी जाळू लागतं, रक्तात किटोन नावाची आम्लं साठतात आणि काही तासांत मूल गंभीर होऊ शकतं. पोटात दुखणं, उलट्या, खोल आणि वेगाने चालणारा श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, ही त्याची खूण. पोटदुखी आणि उलट्या पाहून घरचे ‘पोट बिघडलंय’ म्हणतात, आणि मोलाचे तास जातात. टाइप २ च्या ज्या रुग्णांना इन्सुलिन चालू आहे, त्यांनीही ते परस्पर सोडायचं नाही.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्यांचं उत्तर जवळपास उलटं आहे. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. खाणं अगदीच कमी झालं आणि गोळी नेहमीइतकीच घेतली, तर साखर एकदम खाली येऊ शकते. तापातल्या माणसाला घाम फुटतो, हात थरथरतात, गळून गेल्यासारखं होतं. घरच्यांना वाटतं, चला, घाम आला, ताप उतरला. तो घाम ताप उतरल्याचा आहे की साखर उतरल्याचा, हे बोटाला सुई टोचल्याशिवाय कळत नाही. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची, हेही घरात कुणाला तरी ठाऊक हवं. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही.

मेटफॉर्मिन साध्या सर्दीत खुशाल चालू ठेवावी. पण उलट्या-जुलाब लागले, पाणी टिकेना, तर ती काही काळ थांबवायची असते, कारण मूत्रपिंडावर ताण आला की शरीरात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. खाणं-पिणं सुटलेल्या आजारात त्या थांबवायच्या आणि जेवणखाण नेहमीसारखं झाल्यावर पुन्हा सुरू करायच्या. या गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात किटोन वाढले असतानाही साखर फारशी चढलेली नसते. मीटरवर १८० पाहून घरचे निर्धास्त होतात आणि आतून माणूस खचत असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचं आणि ‘लघवीच्या गोळी’चंही असंच: पाणी आटलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला जड जातात, आणि त्यांच्या जोडीला अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतली तर आणखीच.

आता यातली खरी अडचण, जी परदेशी पुस्तिकांचं नुसतं भाषांतर करून सुटणार नाही. आपल्याकडे खाजगी दवाखान्यातून मिळणारी गोळी बहुतेकदा जोडगोळी असते. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत, कधी त्यात आणखी एक तिसरं औषध. डापाग्लिफ्लोझिनही आता मेटफॉर्मिनशी किंवा सिटाग्लिप्टिनशी जोडून मिळते. ‘हे थांबवा, ते चालू ठेवा’ असं म्हणून काय उपयोग? गोळी अर्धी करून त्यातलं एकच औषध पोटात जात नाही. शिवाय रुग्णाला औषधाचं नाव ठाऊक नसतं. त्याला ‘सकाळची पिवळी’ आणि ‘रात्रीची मोठी पांढरी’ एवढंच ठाऊक असतं. म्हणून छापील सूचना पुरेशी नाही. त्या त्या माणसाच्या गोळ्या समोर ठेवून, आजारपणाच्या दिवसांसाठी पर्याय काय, हे डॉक्टरांनी तो धडधाकट असतानाच लिहून द्यायला हवं.

दुसरं वाक्य घरातून मेडिकलकडे नेणारं आहे: ‘‘सर्दीचं काहीतरी घेऊन ये.’’ काउंटरवर मागणारा ‘मला मधुमेह आहे’ असं सांगत नाही, आणि गर्दीच्या वेळी देणारा विचारत नाही. सर्दीच्या नेहमीच्या गोळीत पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि ॲलर्जीचं एखादं औषध असतं. फेनिलेफ्रिन नाक मोकळं व्हावं म्हणून घातलेलं असतं, पण त्याने रक्तदाब वाढू शकतो, आणि मधुमेहींपैकी अनेकांना रक्तदाबही असतो. ॲलर्जीच्या औषधाने गुंगी येते, त्या गुंगीत साखर उतरल्याची लक्षणं झाकली जातात. वर तापासाठी पॅरासिटामॉलची वेगळी गोळी घेतली तर मात्रा दुप्पट होते. मधुमेही लोक खोकल्याच्या औषधातल्या साखरेला मात्र फार घाबरतात. चमचाभर औषधात ती थोडीच असते. शुगर फ्री मिळालं तर घ्यावं, पण खरी काळजी बाकीच्या गोष्टींची करावी.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे मागून घेतलेलं अँटिबायोटिक. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, त्यांवर ते चालत नाही. वर लेव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची साखर धोकादायकरीत्या खाली आणू शकतं. दुसरी गोष्ट म्हणजे सलाईन. अशक्तपणा आला की सलाईन लावून घ्यायचं, ही गावोगावची रीत. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, आणि ती थेट शिरेत जाते. रुग्णाची साखर आधी न मोजता ती बाटली टांगली जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे: लवकर बरं वाटावं म्हणून दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन. डेक्सामेथासोनने घसा, अंगदुखी, ताप एका दिवसात शमल्यासारखं वाटतं आणि डॉक्टरांच्या हाताला गुण आहे अशी ख्याती होते. मधुमेहीची साखर मात्र त्यानंतर एक-दोन दिवस, कधी जास्तही, चढती राहते. दम्याच्या झटक्यात किंवा ऑक्सिजन कमी झालेल्या कोविडमध्ये स्टेरॉइड जीव वाचवतं. साध्या सर्दीत त्याचं काम नाही. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, महाराष्ट्रात काय केलं हे आपल्या खात्याइतकं कुणाला ठाऊक असणार? देशात सर्वाधिक झळ बसलेल्या राज्यांत आपण होतो. अनेकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. अनियंत्रित साखर आणि सढळ हाताने दिलेलं स्टेरॉइड ही त्यामागची दोन मोठी कारणं होती. तेव्हा आपण इंजेक्शनं मिळवायला धावलो, विशेष वॉर्ड उघडले. ती लाट ओसरली, पण संसर्गाच्या काळात साखर सांभाळण्याचा धडा दवाखान्यांच्या भिंतीवर उतरला नाही.

फ्लूबद्दल थोडं वेगळं लिहितो, कारण तिथे सरकारचं स्वतःचं धोरण रुग्णाच्या बाजूचं आहे आणि तरीही ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. नाक वाहतं, घसा खवखवतो, माणूस कामावर जातो, ती सर्दी. काही तासांत सणसणून ताप, हाडं मोडल्यासारखं अंग, कोरडा खोकला आणि उठवत नाही असा थकवा, तो बहुधा फ्लू. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. २०१५ ची मोठी साथ ऐन थंडीत, वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत आली. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एच३एन२ ने खोकल्याने बेजार केलं. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यातही येतो आणि जानेवारी ते मार्चमध्येही. त्यावर लक्ष ठेवणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आपल्या पुण्यातच आहे.

स्वाइन फ्लूच्या काळात केंद्र सरकारने रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडले. सौम्य लक्षणांचा ‘अ’ गट, भरती करण्याजोगा ‘क’ गट. ‘ब’ गटाच्या दुसऱ्या भागात गर्भवती, ६५ वर्षांवरचे, हृदय-फुप्फुस-मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्या जोडीने मधुमेहींचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. या लोकांना तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता ऑसेल्टामिविर द्यावं, असं त्या सूचना सांगतात. हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिलं तर सर्वांत चांगलं काम करतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून ते डॉक्टरांनीच द्यायचं. पण आपण या ‘ब’ गटात आहोत, हे मधुमेही माणसाला कुणी कळवलंय का? तो पहिले दोन दिवस काढ्यावर काढतो, तिसऱ्या दिवशी मेडिकल, चौथ्या दिवशी डॉक्टर. तोवर ते ४८ तास संपलेले असतात.

लशीचंही तेच. २०१५ च्या साथीनंतर महाराष्ट्राने गर्भवती आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्यांसारख्या जोखमीच्या गटांसाठी सरकारी दवाखान्यांतून फ्लूची लस मोफत देण्याचा पायंडा पाडला. हे आपल्या राज्याचं भूषण आहे. पण गोळ्या न्यायला दरमहा रांगेत उभं राहणाऱ्याला शेजारच्या खोलीत ही लस मागता येते, याचा पत्ता नसतो. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते आणि टोचल्यानंतर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तिने फ्लू होणारच नाही असं नाही, पण झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता घटते. न्यूमोनियाविरुद्धच्या न्यूमोकोकल लशीचा सल्लाही मधुमेहींना दिला जातो. गोळ्यांच्या खिडकीवर एक पाटी लावली, तरी अर्धं काम होईल.

आता तो कागद. माझ्या मनातला नमुना असा आहे. आपल्या तज्ज्ञांनी तो तपासावा, हवा तसा दुरुस्त करावा.

पहिला भाग औषधांचा. तीन रकाने: ‘काहीही झालं तरी चालू ठेवा’, ‘उलट्या-जुलाब झाले किंवा खाणं-पिणं सुटलं तर थांबवा’ आणि ‘विचारल्याशिवाय बदलू नका’. रकान्यांत औषधाचं नाव आणि त्याखाली गोळीचा रंग-आकार. वर एक ठळक ओळ: ‘साधी सर्दी असेल आणि जेवण नेहमीसारखं असेल, तर सगळी औषधं नेहमीसारखीच घ्या.’ ही ओळ नसेल तर घाबरट माणूस पहिल्याच शिंकेला सगळं बंद करेल.

दुसरा भाग साखर मोजण्याचा. इन्सुलिनवर असाल तर आजारपणात दर चार तासांनी, रात्रीही. गोळ्यांवर असाल तर दिवसातून दोन ते चार वेळा. मोजण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करा. संत्रं सोललेल्या बोटावरची साखर मीटरला रक्तातलीच वाटते. आकडे आणि वेळ लिहून ठेवायला खाली चौकोन.

तिसरा भाग किटोनचा, टाइप १ साठी आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी. साखर २५० च्या वर राहिली, किंवा साखर कितीही असो पण मळमळ-उलट्या सुरू झाल्या, तर लघवीत पट्टी बुडवून रंग पाहा. पट्टीचा रंग गडद झाला तर थांबू नका, दवाखाना गाठा.

चौथा भाग खाण्यापिण्याचा. दर तासाला पेलाभर पाणी, घोटघोट. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर किती प्यायचं ते डॉक्टरांनी इथेच लिहावं. जेवण जात नसेल तर दर तीन-चार तासांनी पेज, मऊ भात, मुगाचं कढण, ताक यांपैकी थोडं काही. आजारपण हा भात सोडण्याचा मुहूर्त नव्हे. पोट अगदी रिकामं राहिलं तर किटोन वाढतात. जुलाब होत असतील तर ओआरएस घ्या, त्यातल्या साखरेला भिऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरभर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, वर सांगितलेल्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमधल्या साखरेच्या जवळपास निम्मं, आणि आतड्यांना मीठ-पाणी शोषून घ्यायला त्याची गरजच असते. फक्त पुडी सरकारी दवाखान्यातली किंवा याच सूत्राची असावी. त्याऐवजी गोड सरबताचा डबा घेऊ नये.

पाचवा भाग धोक्याच्या खुणांचा, लाल शाईत. साखर सलग दोनदा ३०० च्या वर. चार-सहा तास काहीच पोटात टिकत नाही. धाप लागते, छातीत दुखतं, ओठ निळसर होतात. माणूस भलतंच बोलतो किंवा हाक मारून उठत नाही. ताप तीन दिवसांत उतरत नाही, किंवा उतरून पुन्हा चढतो आणि खोकला वाढतो; फ्लूनंतरचा न्यूमोनिया असाच येतो. यांपैकी एकही खूण दिसली तर १०८ ला फोन. शेवटची एक ओळ आपल्या राज्यात फार गरजेची: खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला तर थुंकी तपासून घ्या. मधुमेहींना क्षयरोगाची जोखीम इतरांपेक्षा दोन-तीन पट असते, आणि ‘थंडीचा खोकला आहे’ म्हणत तो महिनोन्महिने अंगावर काढला जातो.

कागदाच्या मागच्या बाजूला घरगुती गोष्टींसाठी थोडी जागा ठेवावी, कारण आजारपणाचा बहुतेक कारभार आई, सून, बायको यांच्याच हाती असतो. आलं, तुळस, गवती चहाचा काढा जरूर द्यावा, गूळ-मध न घालता. मध नैसर्गिक असला तरी रक्तात त्याची साखरच होते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि वाफ यांनी बरं वाटतं; त्यांनी औषधाची जागा घेऊ नये. डिंकाचा नाहीतर मेथीचा लाडू ‘ताकद येईल’ म्हणून आजाऱ्याच्या हातावर ठेवला जातो. मेथी कडू असली म्हणून लाडवातला गूळ कडू होत नाही. ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे, त्यांनी शेकोटीशी पाय नेऊ नयेत आणि गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नये. त्यांना चटका कळत नाही. सकाळी फोड दिसतो आणि त्याची जखम महिनोन्महिने चिघळते. मोजे घालावेत, तेवढं पुरे.

आक्षेप येतील, त्यांचाही विचार केला आहे. डॉक्टरांना वेळ कुठे? दर महिन्याला नव्हे, वर्षातून एकदा किंवा औषध बदललं की भरायचा आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरातले समुदाय आरोग्य अधिकारी केसपेपरवरून नावं उतरवू शकतात. कोणतं औषध कोणत्या रकान्यात, हे ठरवून सही मात्र वैद्यकीय अधिकाऱ्यांनी करावी. लोकांना वाचता येत नाही? घरातल्या शाळकरी पोराला येतं, आणि आशाताई तो वाचून दाखवू शकतात. लोक मनाने औषधं बदलतील? महोदय, ती आताही मनानेच बदलली जातात, फक्त अंदाजाने. ग्लुकोमीटर सगळ्यांकडे नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून निदान इन्सुलिनवरच्या प्रत्येकाला मीटर आणि पट्ट्या, आणि टाइप १ च्या प्रत्येक मुलाच्या घरी किटोनच्या पट्ट्यांची एक बाटली, हे खात्याने पुरवावं. अतिदक्षता विभागातल्या एका दिवसाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

या कागदाची सर्वांत जास्त गरज कुणाला आहे, तेही सांगतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला गेलेला कामगार दिवाळीच्या सुमारास घर सोडतो आणि गळीत हंगाम संपल्यावर परततो. सबंध हिवाळा तो उसाच्या फडालगतच्या कोपीत, उघड्या थंडीत असतो. गावच्या आरोग्य केंद्रातली त्याची नोंद गावातच राहते. कारखान्याच्या भागातल्या दवाखान्यात तो तापाने फणफणून गेला, तर समोरच्या डॉक्टरला त्याचा मधुमेह, त्याच्या गोळ्या, काही ठाऊक नसतं. अशा माणसाच्या खिशातला कागद त्याच्या वतीने बोलेल. त्याच्या आणि नोकरीसाठी शहरात एकट्याने राहणाऱ्या पोरांच्या कागदावर म्हणूनच औषधांची पूर्ण यादी हवी. हंगामाला निघण्याआधी तपासणी, महिन्या-दोन महिन्यांच्या गोळ्या, लस आणि हा कागद, एवढं चार गोष्टींचं काम गावच्या केंद्रात एका दिवसात होऊ शकतं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. औषध फुकट मिळू लागलं, हे मोठं पाऊल होतं. ते औषध कधी घ्यायचं नाही, हे ज्ञानही त्यासोबत फुकट मिळालं पाहिजे. खाजगी डॉक्टरांच्या आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनांना आपण विनंती केलीत, तर तेही हाच नमुना वापरू शकतील. सर्दीची गोळी मागणाऱ्याला ‘मधुमेह, रक्तदाब आहे का?’ असं काउंटरवर विचारायला तर कुणाच्या परवानगीचीही गरज नाही.

या पत्राला ‘आपले पत्र मिळाले, योग्य ती कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर नको. उत्तर द्यायचंच असेल तर कागदाचा छापील मसुदा जाहीर करा. मधुमेहतज्ज्ञ, गावातले वैद्यकीय अधिकारी, आशाताई आणि आम्ही रुग्ण त्यावर हरकती-सूचना पाठवू. दोन जिल्ह्यांत एक हिवाळा तो वापरून पाहा, जमलं नाही ते बदला, आणि पुढच्या वर्षी दिवाळीच्या आत राज्यभरच्या गोळ्यांच्या खिडक्यांवर ठेवा. मसुदा आला की माझ्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात बसून तो लोकांना वाचून दाखवायचं काम मी बिनपगारी करायला तयार आहे. असे लोक आपल्याला प्रत्येक तालुक्यात मिळतील.

कळावे,
आपला,
एक मधुमेही नागरिक